आईच्या सोवळ्याची जीप

ज्याच्या रथाला एकच चाक आहे आणि तरीही ज्याचा प्रवास कधी थांबला नाही, त्या भगवान सूर्यनारायणाला प्रथम वंदन करतो. त्यानंतर ज्या माउलीच्या उगमाशी आमचा हा प्रवास सफल झाला, त्या नर्मदामाईला. आज माघ शुद्ध सप्तमी. रथसप्तमी आणि नर्मदा जयंती एकाच तिथीला येतात, त्यामुळे या दिवशी एका रथाची आणि एका नदीची आठवण मला टाळता येत नाही. अंगणात दूध उतू घालून झाले आहे. देवापुढचा दिवा तेवतो आहे तोवर ती कथा लिहून ठेवावी, असा संकल्प केला आहे.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्याला दोन वर्षे झाली होती. आम्ही फुलसावंगीला राहत होतो. कापसाची थोडी शेती होती आणि मी संस्कृत शिकवीत असे. आईचे वय सत्तरीच्या पलीकडे गेलेले. ती दिवसातून एकदाच जेवी; तेही सूर्यास्तापूर्वी, सोवळ्यात, स्वतः रांधलेले. पाणी स्वतः काढलेलेच पिई. वडील हयात असताना तिला आगगाडीने काशीला नेण्याचा प्रयत्न झाला होता. तीन दिवस तिने ना अन्न घेतले, ना पाणी. तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आणावे लागले. त्यानंतर तिने तीर्थाचे नाव काढले नाही. त्या वर्षी मात्र दिवाळीच्या सुमारास ती एकाएकी म्हणाली, "बापू, मले एकदा नर्मदेच्या उगमात न्हायचं हाये. येत्या जयंतीले. मंग माह्यं काही मागणं नाही."

अमरकंटक म्हणजे आठ दिवसांची वाट, त्यात शेवटचा टप्पा रानाचा. नातलगांनी स्पष्ट सांगितले की म्हातारी नेम मोडणार नाही आणि उपाशी ती पोचणार नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा मी वेगळ्या दिशेने विचार केला. आई घराचा नेम सोडून वाटेवर जाऊ शकत नसेल, तर तिचे स्वयंपाकघरच वाटेवर न्यावे.

त्या काळी लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत. अशा एका लिलावाला माझ्याबरोबर दोघे आले. एक महागावचे मोटारमिस्त्री. दुसरे आमच्या शेजारच्या बंजारा तांड्याचे नायक. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशोदेशी फिरलेले. आवारात एक धिप्पाड बंद गाडी मला पाहताक्षणीच आवडली. आईला तिच्यात स्वतंत्र कप्पा करता आला असता. मिस्त्रीही तिच्या इंजिनावर खूश होते. नायकांनी मात्र गाडीकडे न पाहता तिच्याखालच्या मातीत टाच रोवून पाहिली.

"गुरुजी, हे जनावर नाल्यात बसलं तं याले उठवाले दुसरं जनावर आणा लागते," ते म्हणाले. "लहान घ्या, आन मांगं गाडं जोडा. आमच्या बुढ्यानं बैल मोठा नाही पाह्यला कधी, बसल्यावर उठणारा पाह्यला."

"नायकसाहब, ये बैल नहीं है, मोटार आहे," मिस्त्री हसले.

"मंग वढून दाखव तूच, बसली म्हंजे!"

शेवटी चारही चाकांना जोर असलेली, डाव्या हाताला स्टिअरिंगचे चक्र असलेली एक जीप आणि तिच्यामागे जोडायचा दोनचाकी गाडा आम्ही निवडला. ही जोडी गावात आली तेव्हा पारावरच्या एकाने विचारले, "काहून गुरुजी, बुढीले मिलिटरीत भरती करून राह्यले काय?" आईने ओट्यावरूनच उत्तर दिले, "व्हय! तुह्यासारख्यायले हाकलाले."

पुढचे दोन महिने गाडीचे घर करण्यात गेले. जीपच्या बैठका चामड्यासारख्या दिसत होत्या म्हणून त्या काढून काथ्याच्या विणल्या आणि त्यांवर घोंगडी घातली. गाड्यावर बांबूच्या कमानी आणि ताडपत्री चढवली. गाड्याच्या मागची फळी बिजागरीवर खाली पडून ओटा व्हावा, अशी योजना माझी होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. आईने त्या कमरेएवढ्या ओट्याकडे पाहिले.

"इथं काय करायचं?"

"स्वयंपाक."

"उभ्यानं? मी काय खानावळ काढून राह्यली?"

सत्तर वर्षे पाटावर बसून रांधणाऱ्या बाईला मी उभे करायला निघालो होतो. ओटा गेला. त्या जागी लोखंडी परातीत मातीची चूल थापली. ती उतरवून जमिनीवर ठेवायची, भोवती सारवायचे आणि मग आईने बसायचे. ताडपत्रीच्या वर उंच बांबू बांधून सोवळे वाळवण्याची वळणी केली. काठीशिवाय तिथे कुणाचा हात पोचत नसे.

सर्वांत कठीण निघाले ते पाणी. तांबटाकडून तांब्याची मोठी टाकी करून घेतली आणि तिला बाजारातली पितळी तोटी बसवली. आईने मिस्त्रींना विचारले, "हिच्या पोटात काय हाये रे?"

मिस्त्रींना खोटे बोलता आले असते. ते बोलले नाहीत. "चामड्याची चकती आहे माँजी. तिच्याबिगर पाणी थांबत नाही."

आई उठून आत गेली. सगळी तयारी एका चकतीपाशी अडली. मी तर खचलोच. मिस्त्री दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते तांबटाकडून पितळेचा एक निमुळता खुंटा आणि त्याच मापाचे भोक असलेली नळी घेऊन आले. इंजिनातले व्हॉल्व्ह ज्या मसाल्याने घासून त्यांच्या जागी चपखल बसवतात, तोच मसाला लावून दुपारभर ते खुंटा नळीत फिरवीत बसले. संध्याकाळी टाकी भरली. खुंटा आडवा केला, पाणी थांबले. उभा केला, धार लागली. आत चकती नव्हती, गळती रोखायला गुंडाळलेला दोराही नव्हता. धातूवर धातू, इतकेच.

आईने नळी चिंचेने आणि राखेने घासायला घेतली. मिस्त्री मिस्कीलपणे म्हणाले, "माझा हात धुऊन राह्यल्या का माँजी?"

"तुहा नाही रे बाप्पा, तुह्या तेलाचा वास धुऊन राह्यली. हात तं सोन्याचा हाये."

जयंतीच्या आठ दिवस आधी आम्ही निघालो. मिस्त्री चक्रावर, शेजारी मी, मागे आई आणि नायक. रोज सूर्य कलायच्या आत नायक मुक्कामाची जागा ठरवीत. पाण्याला उतार कुठून, वारा कुठला, मुंग्यांची वाट कुठली, हे पाहूनच ते हात वर करीत. मग चूल उतरे, सारवण होई आणि आई पाटावर बसे. वर्धा ओलांडली, नागपूर मागे पडले, शिवनीचे रान लागले. एकाही दिवशी तिचा नेम चुकला नाही. तिचे सोवळे वळणीवर वाळत असे आणि वाटेवरचे लोक तो झेंडा समजून नमस्कार करीत. मंडल्याला तिने नर्मदेचे दर्शन घेतले आणि स्वतः घागरीने टाकी भरली.

दिंडोरीच्या पुढे, जयंतीच्या आदल्या दिवशी, एका नाल्याच्या वाळूत गाडी बसली. दोष माझा होता. पेट्रोलचा वास पाण्याला लागू नये म्हणून मी पेट्रोलचे डबे पुढे आणि टाकी गाड्याच्या अगदी शेपटाला ठेवली होती. नायकांनी ओझे पुढे घ्या म्हणून दोनदा सांगितले होते. मागच्या वजनाने गाड्याची दांडी वर उचलली गेली आणि जीपची मागची चाके हलकी होऊन वाळूत नुसती भिरभिरली. सूर्य कासराभर उरला होता. आईने अजून काही खाल्ले नव्हते, आणि वाळूच्या त्या पट्ट्यात सारवायला जागा नव्हती.

"याडी," नायक आईला त्यांच्या बोलीतली आईची हाक मारीत, "गाडं सोडून गाडी काढतो, मंग दोरानं गाडं वढू. पन टाकी भरली हाये तवर ते हालत नाही."

ते पाणी सांडले म्हणजे तिच्या नेमाचे पाणी गेले. आई खाली उतरली. तिनेच तोटीचा खुंटा उभा केला आणि धार वाळूत जाताना हात जोडून पाहिली. "नर्मदेचंच हाये. हा नाला तिच्याकडंच जाऊन राह्यला. तिचं तिले."

टाकी रिकामी झाली. मिस्त्रींनी चारही चाकांचा जोर लावला. जीप निघाली, मागोमाग दोराने गाडा निघाला. आम्ही टाकी उचलून दांडीजवळ बांधली तेवढ्यात आई काठाशी बसून दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. मदतीला कुणाला येऊ दिले नाही. कोपराएवढ्या झिऱ्यात स्वच्छ पाणी आले. तिने ते स्वतः उपसले, गाळले, पलीकडच्या मातीवर सारवले आणि खिचडी टाकली. शेवटचा घास झाला तेव्हा सूर्याची कड अजून झाडांवर होती. नायकांनी पागोटे काढून जमिनीवर ठेवले. मिस्त्री बॉनेटवर टेकून एवढेच म्हणाले, "माँजी, गाडी तो आपने निकाली."

सप्तमीच्या पहाटे आम्ही अमरकंटकाचा चढ चढलो. कुंडाशी गर्दी होती, थंडी बोचत होती. आई माझा हात सोडून एकटीच पायऱ्या उतरली. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने उगवत्या बिंबाला अर्घ्य दिले. काशीच्या वाटेवरून बेशुद्ध परत आलेल्या त्या बाईचा आवाज तिथे गर्दीतून मला स्पष्ट ऐकू येत होता.

त्या दुपारी तिने आम्हा तिघांसाठीही पुरणपोळी केली आणि तिघांना एकाच पंगतीत बसवून स्वतः वाढले. तिच्या नेमात असे कधी बसले नव्हते. मी आश्चर्याने तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "काय पाहून राह्यला? ज्यायनं आणलं त्यायले वाढू नको काय?" मग मिस्त्रींच्या पानात तूप सोडत तिने विचारले, "बाप्पा, या गाडीनं रामेश्वरले किती दिवस लागतीन?"

त्यानंतरच्या सात वर्षांत ती रामेश्वरी गेली, द्वारकेला गेली, आणि काशीलाही, आपल्या चुलीसह.

वाचक हो, तुमच्या घरी ज्या वडीलधाऱ्याच्या मनात एखादे दर्शन राहून गेले असेल, त्याला ते घडो. तुमच्या चुलीला वेळेवर अग्नी आणि माठाला निर्मळ पाणी लाभो. निघाल तेव्हा तुम्हाला असेच सोबती मिळोत, आणि घरची सारी माणसे उंबरठ्यावर सुखरूप परत येवोत, अशी नर्मदामाईच्या चरणी प्रार्थना करून लेखणी ठेवतो.