बाराव्या सडकेवरचं सात नंबर

पंचफुला आमच्याकडे मुन्नाला सांभाळायला आली ते एकसष्ट साल. मी नऊ वर्षांची होते आणि मुन्ना, माझा भाऊ, सव्वा वर्षाचा. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर होते, आई प्राथमिक शाळेत शिकवायची. त्यामुळे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच मुन्ना पंचफुलाचाच.

ती आमगावकडची. नवरा धोंडबा ठेकेदाराकडे मजूर. तिनंही आधी दोन वर्षं भट्टीच्या पायासाठी डोक्यावरून माती वाहिली होती. सहा वर्षांची लेक गावी आईपाशी ठेवून दोघं सुपेल्याकडच्या झोपड्यांत राहायची. पंचफुला अंगानं बारीक, बोलायला कमी. मुन्ना रडायला लागला की ती त्याला लगेच उचलत नसे. समोर बसून त्याचं पूर्ण ऐकून घ्यायची, एखाद्या मोठ्या माणसाची तक्रार ऐकावी तसं.

बाबांना आजारपणाची रजा होती, डॉक्टरची चिठ्ठी दिली की झालं. आईला वर्षाला ठरलेल्या किरकोळ रजा होत्या. पंचफुलाला काहीच नव्हतं. ती आली नाही की आईची एक रजा खर्ची पडायची, म्हणून तिचं न येणं आमच्या घरात गुन्ह्यासारखं धरलं जायचं. आई दुष्ट नव्हती. तिला त्यात काही वावगं आहे असं वाटतच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये थंडीतापाची साथ आली. एका सोमवारी मुन्नाला तिच्या हातातून घेताना आईला चटका बसला. पंचफुलाचे डोळे लाल होते. पण त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. आईनं तिला चहा दिला, एक गोळी दिली आणि सांगितलं, "शनिवारपर्यंत ओढ कसंतरी. मग दोन दिवस येऊ नको."

पंचफुला मान हलवून गेली.

मंगळवारी ती आलीच नाही. नऊपर्यंत वाट बघून आईनं रजेची चिठ्ठी माझ्या हाती शाळेत पाठवली. दुपारी मी घरी आले तेव्हा आई भांडी आपटत होती, आणि पहिल्या पाळीहून आलेल्या बाबांनाही दोन शब्द ऐकावे लागले.

साडेपाचला आई मुन्नाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. मी शेजारीच होते. सडकेवरून पंचफुला येताना दिसली, कामावरून घरी परतताना ती चालायची तशीच, पदर खोचून, थकलेली. आमच्या फाटकाशी ती थांबली आणि मुन्नाकडे बघतच राहिली.

"ह्याले कोनं आनलं, बाई?" ती म्हणाली. "मी त आत्ताच त्याले निजवून आली."

आईला वाटलं, ती सबब सांगते आहे. पण पंचफुला अजिबात ओशाळली नाही. दिवसभराचं सगळं तिनं सांगितलं. सकाळी तुम्ही घरात नव्हत्या, दार नुसतं लोटलेलं होतं. चूल थंडी होती. लेकरू आतल्या खोलीत होतं. आज ते मुळीच रडलं नाही, नुसतं बघत राहिलं. अंगानं हलकं लागलं, म्हणून तिला काळजी वाटली.

बाबा बाहेर आले. त्यांनी विचारलं, "कुठं होतीस तू?" तर ती वळून चालायला लागली आणि आम्ही तिच्या मागून गेलो.

आमची सडक अकरावी, घर सात नंबर. त्यामागची बारावी नुकतीच बांधून झाली होती, तिथं अजून कोणालाच क्वार्टर मिळालं नव्हतं. सगळा सेक्टर एकाच नकाशाचा. तीच पिवळी भिंत, त्याच दोन पायऱ्या, दारावर काळ्या रंगात तोच सात नंबर. फक्त एकाही खिडकीत दिवा नव्हता.

आत ओल्या चुन्याचा वास होता. बांधकामाची धूळ एका कोपऱ्यात नीट लोटून ठेवलेली. मोरीजवळ डालड्याचा डबा पाण्यानं भरलेला. आतल्या खोलीत छताच्या पंख्याच्या हुकाला तिच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, आणि ती हळूहळू हलत होती. खिडकीला काच नव्हती, वारा येत असेल. बाबाही तेच म्हणाले. पण बाहेर झाडाचं पान हललेलं मला आठवत नाही.

आईनं मुन्नाला बाबांकडे दिलं आणि झोळीत हात घातला. लगेच काढून घेतला. आत काही नव्हतं, असं ती पुढं नेहमी सांगायची. मात्र तो हात ती बराच वेळ पदरात धरून होती.

बाबा पंचफुलाला चल म्हणाले. ती दारातून हलेना. "एकट्याले कसं ठेवू?" एवढंच म्हणाली आणि तिथंच खाली बसली. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं.

तिला आमच्या घरी आणलं. बाबांनी सुपेल्याहून डॉक्टर आणला, धोंडबाला निरोप गेला. नऊ दिवस ती आमच्या बाहेरच्या खोलीत पडून होती. आईनं तपासणीचा विचार सोडला आणि उरलेल्या सगळ्या रजा काढल्या. रोज दुपारी पंचफुला विचारायची, त्याले कोनं जेवू घातलं? आई समजावून सांगायची की तिथं कोणी नाही. तिसऱ्या दिवशी आई थकली आणि म्हणाली, "मी घातलं." तेव्हा कुठं पंचफुलाला झोप लागली.

ती बरी झाल्यावर आईनंच नियम केला. रविवार तिचा. ताप आला तर यायचं नाही, निरोपही नंतर आला तरी चालेल, पगारातून काही जाणार नाही. असा नियम आमच्या सडकेवर कोणाच्याच घरी नव्हता. शेजारच्या बायका हसल्या. अडचणीच्या दिवसासाठी आईनं वच्छलाबाई या दुसऱ्या शिक्षिकेशी ठरवलं, की एकीची बाई आली नाही तर दोन्ही लेकरं दुसरीच्या घरी. हे ठरवायला मोजून एक संध्याकाळ लागली. आधी का सुचलं नाही, असं आई स्वतःलाच विचारायची.

पंचफुला आमच्याकडे आणखी चार वर्षं होती. मिळालेली रजा ती आजारपणातच घ्यायची, एरवी कधी मागितली नाही. अपवाद एकच. फेब्रुवारीत बारावी सडक भरायला लागली, सात नंबर एका उडिया फिटरला मिळालं आणि सामानाचा ट्रक येणार असं कळलं. त्या सकाळी तिनं आईकडे तासाभराची सुट्टी मागितली. आईनं कारण विचारलं नाही. ती मागच्या सडकेकडे गेली. ती परत आली तेव्हा कमरेपाशी तिचं लुगडं ओलं होतं, कडेवरच्या लेकरानं भिजवल्यावर होतं तसं. तिनं ते बदललं आणि मुन्नाला भात भरवायला बसली.