करवत्याच्या चाव्यांचा अभ्यास

आमची पहिली भेट झाली तेव्हा ते टेबलाखाली होते. बाहेर फक्त दोन तळपाय दिसत होते, एकात चप्पल, एकात नाही. आतून दोन सैन्यं भिडल्यासारखा आवाज येत होता. मी समोरचे दोन दात बसवून घ्यायला गेलो होतो आणि दारात उभा राहून, उरलेले तीस तरी सुखरूप घेऊन परत फिरावं का, याचा विचार करत होतो. तेवढ्यात टेबल उठलं. चारही पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर. त्याखालून एक काळंपांढरं वादळ निघालं, माझ्या दोन पायांमधून गेलं, समोरच्या भिंतीवर अर्ध्या उंचीपर्यंत चढलं, तिथून वळलं आणि परत येताना माझी छत्री, कमरेच्या पट्ट्याचं टोक आणि दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीचा सहीचा कोपरा घेऊन गेलं. हे सगळं माझी एक शिंक पुरी व्हायच्या आत. पुढे हा प्रसंग सांगताना मी छत्र्यांची संख्या वाढवत नेली आहे हे कबूल करतो, पण पहिली छत्री खरी होती.

मग टेबलाखालून एक किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. केसांत प्लॅस्टरची पूड, हातात चपलेचा अंगठा. माझ्या चेहऱ्याकडे न बघता थेट तोंडाकडे बघून म्हणाले, "वरचे दोन ना? बसा. खुर्चीचा डावा पाय जरा सांभाळून, तो तिथे नाहीये."

हे आमचे कवळीकार. डॉक्टर लोक माप घेऊन पाठवायचे आणि हे आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून दात घडवायचे. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे शेकडो जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. माणूस मुलखाचा अबोल. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, चेहरेही नाहीत, पण चावा म्हणाल तर आयुष्यभराचा पाठ. रस्त्यात एखादा पाव खाताना दिसला की हे थांबायचे, मान तिरकी करून बघायचे आणि पुटपुटायचे, "चारशे बारा. उजवीकडे अजून टेकत नाहीये." चारशे बारा बिचारा पाव तसाच खिशात घालून निघून जायचा.

लग्न केलं नव्हतं. घर थोरल्या बहिणीचं. ताई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचलेली नव्हती. भाऊ छप्पन्न वर्षांचा झाला तरी त्याला त्या "अरे, नखं दाखव" म्हणू शकायच्या, आणि तो दाखवायचा.

या दोघांच्या शांत घरात ते वादळ आलं कसं? तर एक गिऱ्हाईक दुसऱ्या गावी बदली होऊन गेलं आणि जाताना "फक्त पंधरा दिवस सांभाळा" म्हणून कुत्रा ठेवून गेलं. पंधरा दिवसांनी फोन लागेनासा झाला. कुत्रा जातीने मेंढ्या हाकणारा, दीड-दोन वर्षांचा. दिवसभर डोंगर तुडवायचा, दोनशे मेंढ्यांवर नजर ठेवायची, असा त्याचा पिढीजात पिंड. इथे त्याला मिळालं काय, तर दोन खोल्या, एक गॅलरी आणि दोन वयस्क भावंडं. हाकायला कोणी नाही म्हटल्यावर तो सामानावर घसरला. सोफ्याचा हात गेला, दाराची चौकट गेली, ताईंच्या चपलांतल्या फक्त डाव्या गेल्या. त्याचं आधीचं नाव काय होतं कोण जाणे, ताईंनी करवत्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

कवळीकारांचा मात्र त्याच्यावर जीव जडला होता. दिवसभर जबड्यांत बसलेला माणूस, पण त्यांतला एकही जबडा त्यांना बघून कधी शेपूट हलवत नव्हता. मला एकदा ते कानाशी येऊन, गुन्हा कबूल करावा तसं म्हणाले, "मी घरी आलो की त्याला आनंद होतो हो. रोज होतो."

ज्या दिवशी टीव्हीचा रिमोट गेला त्या दिवशी ताईंनी निकाल दिला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गावाबाहेर गोदाम होतं, त्याला राखणीला कुत्रा हवा होता. साखळी बांधून, फाटकाशी. आजपासून एक महिना. महिन्यात चावणं थांबलं तर कुत्रा राहील, नाहीतर गोदामात जाईल. मग त्यांनी कॅलेंडरवर महिना संपायच्या तारखेभोवती लाल गोल काढला. तो गोल बघून कवळीकारांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

आता दुसरा कोणी असता तर कुत्र्याला ओरडला असता, नाहीतर कोणाला तरी विचारायला गेला असता. कवळीकारांनी चाव्यांची मापं घेतली. सोफा, चौकट, खुर्चीचे पाय, जिथे जिथे दात उमटले होते तिथे तिथे मेण दाबलं, प्लॅस्टर ओतलं आणि नमुने तयार केले. प्रत्येकावर तारीख, वेळ, वस्तू. फळीवर माणसांच्या जबड्यांशेजारी कुत्र्याचा स्वतंत्र विभाग झाला. आठ दिवस भिंगातून बघून त्यांनी निदान केलं: डाव्या वरच्या दाढेचा ठसा खोल आहे, म्हणजे तिथे दुखतंय, म्हणून बिचारा चावतोय.

सगळे नमुने पिशवीत घालून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि सोबत मला ओढून नेलं. बाईंनी करवत्याचं तोंड उघडलं, बघितलं, मिटलं. मग नमुने बघितले. मग बराच वेळ कवळीकारांकडे बघितलं.

"दात उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "याला काम नाहीये. रिकामा बसलाय हा." आणि त्यांनी भराभर सांगितलं: सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत पळवा, खाणं ताटलीत वाढू नका, लपवून ठेवा आणि वास काढून शोधायला लावा, तोंडातली वस्तू ओढू नका, तिच्या बदल्यात दुसरं काही द्या, चावून झाल्यावर ओरडण्यात अर्थ नाही, आणि त्याला हक्काचं चघळायला काहीतरी द्या.

यातलं शेवटचंच वाक्य कवळीकारांच्या डोक्यात शिरलं, आणि तेही त्यांच्या धंद्याच्या दारातून. नवी कवळी करताना जुनीची हुबेहूब नक्कल केली तर गिऱ्हाईक खूश राहतं, कारण तोंडाला सवय असते, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. तेव्हा या गिऱ्हाइकाला काय आवडतं? खुर्चीचा पाय. मग त्यांनी खुर्चीच्या पायाचा साचा घेतला, त्यात रबर ओतलं, वर लाकडासारखा रंगसुद्धा दिला. मग रबरी चप्पल केली, डाव्या पायाची. मग रबरी रिमोट, बटणांसकट.

करवत्या खूश झाला. त्याला वाटलं, अखेर या घरात खुर्च्या खायची रीतसर परवानगी मिळाली. दोन दिवसांत रबरी पाय संपवून त्याने खऱ्या खुर्चीचे उरलेले तीन पाय हातावेगळे केले. बरोबरच होतं त्याचं. कालपर्यंत "शाबास" म्हणत होते, आज "अरे अरे" म्हणतात. एकसारख्या दोन वस्तूंतली कुठली त्याची आणि कुठली घराची, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? घरातल्यांनाच कळत नव्हतं. ताई नव्या रिमोटऐवजी रबरी रिमोट टीव्हीकडे रोखून दहा मिनिटं बटणं दाबत बसल्या आणि टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावून मोकळ्या झाल्या. मेकॅनिकने रिमोट हातात घेऊन वाकवला, तो वाकला, आणि तो माणूस हत्यारांची पेटी घेऊन निघून गेला. मी एका सकाळी त्यांच्या दाराशी चपला काढल्या आणि जाताना डाव्या पायात रबरी लेडीज चप्पल घालून बसस्टॉपपर्यंत गेलो. चालताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण त्या घरातून निघताना तसं नेहमीच वाटायचं.

डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्या फोनवर इतक्या बोलल्या की कवळीकारांनी फोन कानापासून लांब धरला आणि आम्ही तिघांनी ऐकलं, करवत्यासकट. रबराचा तुकडा पोटात गेला तर ऑपरेशन करावं लागेल, सगळं आत्ताच्या आत्ता उचला, आणि त्याला घरातल्या कुठल्याच वस्तूसारखं दिसणार नाही असं चघळायला द्या.

महिन्यातले अकरा दिवस उरले होते. कवळीकार पळायला लागले. आयुष्यात बस पकडायलाही न पळालेला हा माणूस सकाळी मैदानावर करवत्यामागे पळायचा. काही जण करवत्याच्या बाजूने पैज लावायचे. परत आल्यावर खाण्याचा खेळ. भिजवलेल्या खाण्याचे गोळे करून ते फळ्यांवरच्या जबड्यांमध्ये लपवायचे, पाचशे जबड्यांपैकी वीसमध्ये. करवत्या नाक लावून एकेक जबडा तपासायचा, अगदी गंभीरपणे, एखाद्या दंतवैद्यासारखा. ते संपलं की तो आडवा व्हायचा आणि ताईंच्या पायाशी घोरायचा. ताई पाय काढून घ्यायच्या नाहीत, पण बोलायच्याही नाहीत. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. काही चावलं गेलं नाही. कवळीकारांना याचा आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटायला लागली. कशामुळे थांबलं ते कळत नव्हतं, म्हणून ते काहीच बंद करायला तयार नव्हते.

लाल गोलाच्या दिवशी सकाळी ताईंनी मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. टेबलावर त्यांचा वाचायचा चष्मा ठेवला होता. एका काडीच्या टोकावर दातांचे ठसे. स्पष्ट, ताजे.

"नवा चष्मा आहे," ताई म्हणाल्या. "दीड महिनापण झाला नाही. मी गोदामात फोन करते."

कवळीकारांचा चेहरा प्लॅस्टरसारखा झाला. करवत्या कान पाडून बसला होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण खोलीत काहीतरी हरवलंय एवढं त्याने ओळखलं होतं. मला वाटलं कवळीकार हात जोडतील. त्यांनी चष्मा उचलला. खिडकीशी नेला. भिंग लावलं. मग मेण काढलं, काडीवर दाबलं, उजेडात धरलं. ताई फोनचे आकडे दाबत होत्या.

"ताई, थांब."

"आता काय?"

"हा कुत्र्याचा चावा नाही." त्यांचा आवाज बदललेला होता, त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "याला लांब सुळाच नाही. इथे पुढचे दात सरळ रेषेत आहेत, आणि इथे डावीकडे जरासं घासलेलं आहे. ते मी घासलंय. बुधवारी. तुला टोचत होतं म्हणालीस म्हणून."

ताईंचा हात फोनवर तसाच राहिला.

"ही कवळी माझ्या हातची आहे, ताई. शब्दकोडं सोडवताना तू काडी चावतेस."

ताईंनी चष्मा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि भाऊ त्या तोंडाकडेच बघतोय हे लक्षात येऊन मिटलं. मग उठून आत गेल्या. आतून आवाज आला, "अरे, त्याला फिरवून आणलास की नाही आज?"

कुत्रा राहिला. पळणं पुढेही चालू होतं, खाण्याचा खेळही. वर्षाने करवत्या तीन वर्षांचा झाला आणि चावणं पूर्ण थांबलं. नेमकं कशामुळे, हे विचारायला कवळीकार डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, त्या वयात बरेचसे आपोआप शांत होतात.