गुर्द्याचा वाटा

आता शाळेतली पोरंसुद्धा किडनी म्हणतात. मी गुर्दा म्हटलं की माझ्या नातवाला हसू फुटतं. हसू दे. आमच्याकडं, फलटणच्या बाजूला, गुर्दा म्हणजे बकऱ्याच्या पोटातला घेवड्याच्या दाण्याच्या घाटाचा लालसर तुकडा, आणि गुर्दा म्हणजे धमकसुद्धा. कुणी मोठ्या माणसाला उलटून बोललं की लोक म्हणायचे, 'गुर्दा हाय गड्यात.' बाईबद्दल असं बोललेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

जत्रेला म्हसोबापुढं बकरं पडायचं. भावकीची पंगत बसायची आणि दोन्ही गुर्दे तव्यावर भाजून घरच्या कर्त्या गड्याच्या पानात जायचे. आधी सासऱ्यांच्या, ते वारल्यावर आमच्या ह्यांच्या. हे पलटणीत असले तरी तो वाटा दिराला मिळत नसे, म्हसोबापुढं ठेवून यायचे. बायकांनी गुर्दा खायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. भाजताना वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, खोटं कशाला सांगू.

लढाई संपली आणि हे घरी आले ते सुजलेल्या तोंडानं. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, 'पलटणीचं खाणं अंगाला लागलंय.' मला रडू यायचं. शेवटी लोणंदला गाडी धरून आम्ही दोघं मिरजेला गेलो. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, 'दोन्ही गुर्दे कामातून गेलेत. मीठ बंद, मटण बंद.'

'बरं हुईल का?' ह्यांनीच विचारलं.

'पथ्य पाळलंत तर थोडे दिवस जास्त मिळतील.'

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले. मला एवढंच म्हणाले, 'आईला समदं सांगू नगंस. पथ्याचं तेवढं सांग.'

मी पथ्याचं सांगितलं. आत्याबाईंनी डॉक्टरचा उद्धार केला. 'मिठाबिगर माणूस जगतो व्हय? माझ्या लेकाच्या गुर्द्याला काय धाड भरलीया? म्हसोबाचा वाटा खाल्ला की हुईल नीट.' हे सगळं त्या साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायच्या. ह्यांची भाकरी-आमटी मी वेगळी करायची, आणि माझी पाठ वळली की ही बाई त्यात मीठ टाकील या धास्तीनं चुलीपासून हलायची नाही. फार राग यायचा मला त्यांचा. लेकाला मारूनच गप्प बसणार, असं मनात यायचं.

मिरजेहून आल्यावर ह्यांना एकच जत्रा मिळाली. उठवत नव्हतं, तरी पटका बांधून पंगतीला बसले, कारण बसले नसते तर भावकीनं काय ते ओळखलं असतं. गुर्दे आत्याबाईंनी स्वतः भाजले. मला चुलीकडं फिरकू दिलं नाही. तव्यावरून थेट ह्यांच्या पानात वाढले आणि समोर उभ्या राहिल्या.

'खा, बाळा.'

पंगत हात थांबवून बघत होती. मी दाराआड होते. खाऊ नका म्हणून ओरडावंसं वाटलं, पण एवढ्या गड्यांपुढं तोंडातून शब्द फुटला नाही.

ह्यांनी पानाकडं बघितलं, मग दाराकडं. 'अगं, हिकडं ये.'

पदर सावरून गेले. त्यांनी दोन्ही गुर्दे उचलून माझ्या हातावर ठेवले. 'खा.'

चुलतसासरे उसळले. 'आरं, बाईमाणसाला? येडा झालास का काय?'

'आवं तात्या,' हे सावकाश म्हणाले, 'फुडं शेत हिलाच बघायचं हाय. मग वाटा बी हिचाच.'

सगळ्यांना कळलं होतं. आता आत्याबाई आकाशपाताळ एक करतील म्हणून मी भीतभीत त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, चोरी सापडल्यावर माणूस बघतं तशा. असं का, ते मला कळेना. मी एक गुर्दा तोंडात घातला.

अळणी होता. मिठाचा कण नव्हता त्यात.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी घास चावत राहिले. तात्या कुत्सितपणे म्हणाले, 'मग, कसा झालाय गुर्दा?'

'झ्याक झालाय,' मी म्हणाले. 'आत्याबाईंच्या हाताला चव हाय. मीठ अगदी बेतशीर.'