दुसरा भाग माझ्याकडे आहे

हे मी घरात बोललेले नाही. वाचनालयाच्या कमिटीत तर नाहीच नाही. एकदा माहेरी आईपाशी बसले होते तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — तेवढ्यात तिनं विचारलं, जेवणार ना? — आणि मी म्हटलं, हो. राहिलं ते राहिलंच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, त्यामुळे तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. बघते.

मी शेवगावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. केस पिकलेत, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, पोरंसोरं मला बघून आवाज खाली करतात. थोडक्यात, माझ्यावर कुणाला संशय यावा असं माझ्यात काही नाही. हाच तर घोळ झाला.

काही वर्षांपूर्वी आसपासच्या गावांतल्या वाचनालयांनी मिळून एक डिजिटल कपाट केलं. एकट्यादुकट्याला परवडणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं घातलं. ई-पुस्तकं, आणि ऐकायची पुस्तकं — ऑडिओबुक — सगळी मोबाईलवर. कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली माणसं पाचटाच्या कोपीत बसून ऐकतील, टेम्पोवाले रस्त्यानं ऐकतील, ज्यांची नजर गेली ते घरी बसून ऐकतील. कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे. वाईट काही असेल तर ते माझ्यात.

यात एक गोष्ट समजून घ्या. डिजिटल असलं म्हणून ते हवेसारखं सगळ्यांना एकदम मिळत नाही. आपण एक प्रत विकत घेतो. ती एकाकडे गेली की दुसऱ्यानं रांगेत थांबायचं, अगदी कागदी पुस्तकासारखं. आणि कोणती प्रत घ्यायची हे ठरवायचं काम कमिटीनं माझ्यावर टाकलं. "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळतं," म्हणाले आणि चहा मागवला. वाचकांनी ग्रुपवर मागण्या टाकायच्या आणि मी त्या बघून निवडायचं, असं ठरलं. खरेदीच्या पानावर लेखकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते — वाचन, आणि पुढे वाचणाऱ्याचं नाव. मी ती बारीक ओळ बघून पुस्तकं घेत होते.

आता तुम्ही विचाराल, का? सांगते. थोडं मागं जावं लागेल.

त्याचं नाव नाही सांगत. नगरला कॉलेजात असताना तो मला वाचून दाखवायचा. कविताबिविता नाही हो — हाताला येईल ते. भेळेच्या कागदावरची अर्धीमुर्धी बातमी, खोकल्याच्या बाटलीवरच्या सूचना, एसटीचं वेळापत्रक. वाक्याचा शेवटचा शब्द म्हणण्याआधी तो किंचित थांबायचा. मी त्या थांबण्याकडे कान लावून बसायचे. माझं तरुणपण त्या थांबण्यात गेलं म्हटलं तरी चालेल. मग तो पुण्याला निघाला. आवाजाचंच काहीतरी काम मिळत होतं. म्हणाला, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तो माळीवाडा स्टँडवर थांबला असणार. मी गेले नाही. मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, वडिलांना तर यातलं काही ठाऊकही नव्हतं. मी घरी धुणं वाळत घालत होते — नीट, झटकून झटकून, एकेक चिमटा लावून. एवढीच माझी हिंमत.

नवरा चांगला आहे. बी-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं, आणि आजवर त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार नसणं आणि — जाऊ द्या.

कपाटाची खरेदी सुरू झाली त्या पहिल्याच दिवसांत मी माती परीक्षणाच्या एका पुस्तकाचा नमुना लावून बघितला. विकत घेण्याआधी थोडंसं ऐकू देतात ना, तसा. आणि तो बोलला. आवाज जरा जाड झालाय. पण शेवटच्या शब्दाआधी — तो थांबला. मी टेबलाची कड धरून बसले. समोर पेपर वाचत बसलेल्या माणसानं विचारलंसुद्धा, मॅडम, पाणी देऊ का?

तेव्हापासून मी त्याचा आवाज विकत घेत सुटले. मधुमेहींचा आहार घेतला. बाराखडी शिकवणारं घेतलं. शेळीपालनाचं घेतलं. आमच्या घरात शेळी नाही, कधी नव्हती. पण शेळीला जंत झाल्यावर काय करावं हे ऐकताना डोळे पुसणारी बाई अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. हसा, हसण्यासारखंच आहे. भंडारदऱ्याकडच्या एका वाचनालयाचे लोक आमचं कपाट बघायला आले, तेव्हा कमिटीनं मला पुढं केलं आणि सांगितलं, आमच्या मॅडम शेतकऱ्याच्या गरजा ओळखून निवड करतात. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

इथपर्यंत असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण इंदूमावशी आहेत.

मावशी शेजारच्या गावच्या. अंगणवाडीत आयुष्य गेलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दर बाजारच्या दिवशी येऊन पुस्तकं बदलून न्यायच्या. पुढे साखरेनं त्यांची नजर गेली. डावा डोळा पूर्ण, उजव्याला नुसता उजेड-अंधार कळतो. तरी एसटीनं येत राहिल्या, रस्ता पायांना पाठ होता. त्यांच्या फोनवर ते कपाट मीच उघडून दिलं, नातीला शिकवलं. पहिलं पुस्तक ऐकून झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. ते हात मला आठवतात. तुम्हाला सांगते, इतकं कुणी माझं कौतुक केलेलं नाही, आणि मी ते घेतलं.

त्यांना एक कादंबरी लागली. दोन बहिणींची गोष्ट, दोन भागांत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बहिणी भांडतात, बोलणं तुटतं, तिथे पहिला भाग संपतो. पहिला भाग त्यानं वाचलेला होता, म्हणून कपाटात आला. दुसरा भाग दुसऱ्याच कुणी बाईनं वाचलेला होता. म्हणून मी तो घेतला नाही. त्याऐवजी त्याच्या आवाजातलं आवळ्याच्या पदार्थांचं पुस्तक घेतलं.

मावशी दर खेपेला विचारायच्या, दुसरा भाग आला का? आणि मी सांगायचे, अजून रेकॉर्डच झालेला नाही मावशी. किती सहज सांगायचे! खोटं बोलताना घसा कोरडा पडतो म्हणतात, माझा कधी पडला नाही.

एकदा दुपारी त्या आल्या. बाजारचा दिवस नव्हता. हातात दुकानाची कडक पिशवी होती, आत घडीची नवीन साडी दिसत होती, हिरवी. मी तेव्हा कानात वायर घालून बसले होते. त्याचं नवीन काहीतरी नुकतंच आलं होतं. मी एका कानातली वायर काढली. एकाच.

त्यांनी खुर्ची चाचपली, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, ते रेकॉर्ड कवा व्हायचं तवा होऊ दे. तू वाचलं असशील की. त्या दोघी बोलत्यात का गं परत? एवढंच सांग."

मी दुसरा भाग वाचलेला नव्हता. आमच्याकडे छापील प्रतही नव्हती. खरं म्हणजे पहिला भागसुद्धा मला धड ठाऊक नव्हता, मी गोष्ट कुठं ऐकत होते? मला ठाऊक नाही, असं म्हणायला काय लागत होतं? पण मग त्या बसल्या असत्या. बोलतात म्हटलं असतं तर विचारलं असतं, कशा बोलल्या, आधी कोण बोललं. दुसऱ्या कानात त्याचं वाक्य संपत आलं होतं. मी म्हटलं, "नाही बोलत मावशी. शेवटपर्यंत नाही."

त्यांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीन हाय सोनईला. माझ्या पोरीच्या लग्नात मी तिला हलकी साडी आहेर केली म्हनून जेवायच्या आधी निघून गेल्ती. लई वर्सं झाली." आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. "न्हाई बोलत म्हनतीस? मंग ऱ्हाऊ दे."

वाचनालयाच्या दारातून एसटी स्टँड दिसतं. सोनईकडे जायला तिथूनच गाडी. मावशी तिकडे वळल्या नाहीत, आपल्या गावच्या जीपकडे गेल्या. मी बघितलं. बघितलं, आणि वायर परत कानात घातली.

देवाला कौल लावतात ना, तसा त्यांनी मला लावला होता. आणि मला ते कळलं नाही असं म्हणू? साडी दिसत होती मला. डोळे त्यांचे गेले होते, माझे नाही.

पुढच्या थंडीत सोनईची बहीण वारली. मावशी बऱ्याच दिवसांनी आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं. रडल्या नाहीत. "मीबी न्हाई गेले, तीबी न्हाई आली," म्हणाल्या, आणि नेहमीसारखं, "काय नवीन आलंय?"

त्या संध्याकाळी मी दुसरा भाग विकत घेतला आणि माझ्याच नावावर काढून ऐकला. पहिल्यांदाच मी आवाज सोडून गोष्ट ऐकत होते. फार ऐकावं लागलं नाही. सुरुवातीलाच थोरली उठते, पायी धाकटीच्या गावाला जाते, कडी वाजवते. धाकटी पिठाच्या हातांनी दार उघडते. बघत राहते. म्हणते, "आत ये, तवा तापलाय." बस. विहिरीचं नाव पुढे कुणी काढतच नाही.

बोलतात हो त्या. पहिल्या तासाभरातच बोलतात.

मावशी सोनईला गेल्या असत्या तर धाकटीनं दार उघडलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित उघडलं नसतं. पण हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत असते, ते ऐकू नका.

मग मी काय केलं? सांगायचं होतं ना मावशींना? मी ते पुस्तक माझ्या नावावरच ठेवलं. मुदत संपली की वाढवायची, पुन्हा संपली की पुन्हा. रांगेत कुणी असेल तर मुदतवाढ मिळत नाही, पण कपाटाच्या चाव्या माझ्याकडेच. आणि रांगेत नाव होतं. नातीनं नवीन पुस्तकांत ते बघितलं आणि आजीचं नाव लावलं. मावशींचा फोन आला, आवाजात लहान पोरीसारखा आनंद. "आलं की गं ते! कुनीतरी नेलंय वाटतं. असू दे. ज्यानं नेलंय त्याला निवांत ऐकू दे. मला काय घाई न्हाई."

त्यानंतर मी त्याचा आवाज ऐकू शकलेले नाही. लावते, आणि तो शेवटच्या शब्दाआधी थांबतो, आणि त्या जागेत मला जीपकडे जाणाऱ्या मावशी दिसतात. इतकी वर्षं मला वाटायचं, तो माझ्यासाठी थांबतोय. त्याला मी आठवतही नसेन. आठवण माझी, हाव माझी, आणि त्यापायी वाट बघत बसली ती दुसरीच बाई. मला त्याची ओढ अजून आहे, हेही सांगून टाकते. शहाणपण आलं म्हणून ओढ जात नाही.

आज सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या मी दुसरा भाग परत केला. एक बटण दाबायचं असतं फक्त. रांगेत एकच नाव, त्यामुळे निरोप लगेच गेला. थोड्या वेळानं नातीनं ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं — आजी ऐकायला बसली, मॅडम.

आता दुपार टळत आली आहे. मावशी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या असतील. कडी वाजून झाली असेल. पिठाचे हात, तापलेला तवा, सगळं त्यांनी ऐकलं असेल, आणि मी त्या दिवशी त्यांना काय सांगितलं तेही त्यांना कळलं असेल.

त्या फोन करतील, नाहीतर येतील, नाहीतर पुन्हा कधी येणारही नाहीत. मी टेबलाशी बसले आहे. कानात आज काही घातलेलं नाही.