जावयाची तरंगती गाडी

आमच्या जावयाने पुण्याची धड चाललेली नोकरी सोडली आणि मोताळ्याला आमच्याकडे येऊन जमिनीला न टेकणारी गाडी करायला घेतली. ज्या माणसाला मोरीतला गळका नळ बंद करता आला नाही, तो वाहतुकीचं भविष्य घडवणार होता. मी हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. हसू मिशीखाली दाबताना माझे हाल व्हायचे. पण जावई तो जावई. ताटात पुरणपोळी वाढायची, तोंडावर वा वा म्हणायचं आणि तो गेला की बायकोजवळ त्याचा उद्धार करायचा, ही रीत मी वर्षभर इमानाने पाळली.

गाडी म्हणजे प्लायवूडची फळी, खाली ताडपत्रीचा घेर, पुढे-मागे दोन पंखे आणि जुन्या मोटारसायकलचं इंजिन. मागचा पंखा गाडी ढकलणार, पुढचा घेरात हवा भरणार आणि त्या हवेवर गाडी जमिनीपासून चार बोटं उचलली जाणार. चार बोटं! तेवढ्यासाठी आवाज असा, की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सगळी हवा भेगांत जायची आणि गाडी बसकण मारायची. कापसाच्या पऱ्हाटीची खुंटं लागली की घेर फाटायचा. ब्रेक नव्हताच. जे जमिनीला शिवत नाही ते थांबणार कशाच्या जोरावर?

"अन् घाटाचं काय?" मी एकदा अगदी गोड आवाजात विचारलं. "बुलढाण्याले जायचं तं घाट चढनं आलाच."

"त्याच्यावर काम चालू हाय, मामाजी," तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला.

दसऱ्याला शेजाऱ्याच्या खळ्यात गाडीची पूजा ठरली, कारण आसपास सपाट जागा तेवढीच. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग बायको हातात लिंबू घेऊन थबकली. लिंबू चाकाखाली ठेवायचं, पण चाकं कुठे होती? "घेराखाली ठेवा," जावई म्हणाला. इंजिन सुरू झालं तसं लिंबू सणकन सुटून कडब्याच्या गंजीत घुसलं. पुढच्या पंख्याने हार ओढून घेतला आणि झेंडूच्या पाकळ्या आम्हा सगळ्यांच्या तोंडावर येऊन आदळल्या. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

जावयाने पंखा साफ केला. तो स्वतः अंगाने भरलेला, त्याच्या वजनाला गाडी उठायची नाही. "हिलेच बसवतो," तो माझ्या लेकीकडे बघत म्हणाला, आणि ती ओढणी कमरेला खोचू लागली.

तिथे माझी जावईभक्ती संपली. त्या भंगारावर माझी एकुलती एक पोर?

"मी बसतो," मी म्हणालो. "माह्यं वजन तरी काय हाय!"

गाडी थरथरली, उठली आणि कोणाचंही न ऐकता एका अंगाने शेजारच्या तुरीकडे निघाली. "झुका, मामाजी, झुका!" जावई ओरडत होता. त्याच्या सांगण्यावरून तर मी मुळीच झुकणार नव्हतो. ताठ बसून मी तुरीच्या दोन ओळी आडव्या केल्या. लेकीने धावत येऊन इंजिन बंद केलं.

मी तिचा दंड घट्ट धरला. "पोरी, तू याच्यावर बसू नको. समजलं?"

"बाबा, इतके दिवस मीच तं बसून राह्यली," ती केसांतल्या पाकळ्या झटकत म्हणाली. "जिकडं वळवायची तिकडं कमरेतून झुकावं लागते. हे तुमच्या जावयालेही मीच सांगतलं. तुमी ताठ बसले म्हणून तुरीत गेले."

मला भीती वाटली, संताप आला, आणि वर्षभर माझ्या पुरणपोळ्या खाऊन ही गोष्ट पोटात ठेवणाऱ्या त्या माणसाला दोन लगावाव्यात असं वाटलं. पण तोवर दोघांनी गाडी खळ्यात ओढून नेली होती आणि लेक तिच्यावर बसलीही होती. ती डावीकडे झुकली, कडुनिंबाला वळसा घातला, उजवीकडे झुकली आणि अलगद जागेवर परत आली. धुळीने माखलेल्या तोंडाने ती हसली, ती त्याच्याकडे बघून. लहानपणी सायकलवर पहिला फेरा मारून आली तेव्हा अशीच हसली होती, माझ्याकडे बघून. मी तुरीत एकाच चपलेवर उभा होतो. दुसरी कुठे गेली कोण जाणे, आणि ते विचारायलाही माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.