ऑइलमध्ये पाणी, म्हणून जीप भंगारात?

मंडळी, सत्तरच्या दशकातली आमची जीप आज भंगारात जाता जाता राहिली.

इंजिन ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरली होती. शेजारचे अण्णा म्हणाले, “वैनी, गॅस्केट गेलं की! रेडिएटरचं पाणी ऑइलात उतरतंय. विका आता, लई झालं.”

मी ऑइलचा थेंब तापल्या तव्यावर टाकला. तडतडला. म्हणजे पाणी होतंच. पण रेडिएटरमधलं पाणी आठवडाभरात जरासुद्धा उतरलं नव्हतं. मग हे आलं कुठून?

बॅटरी उतरू नये म्हणून अण्णाच रोज जीप दोन मिनिटं चालू करून बंद करतात! इंजिन पुरतं तापतच नाही, मग इंधन जळताना होणारी वाफ बाहेर न पडता आतच थंड होऊन तिचं पाणी बनतं.

“अण्णा, ऑइल बदलून माळशिरसला निघालेय, इंजिन जरा चांगलं तापू दे. विकणार न्हाई.”

“वाटेत बंद पडली तर?”

“म्हणून तर तुम्हाला नेतेय. ढकलायला!”

तुमची जुनी गाडी तासभर सलग कधी पळाली होती?