स्कॅनरला चालणारा कागद

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की वस्तूच्या आधी किस्से येऊन पडतात. फ्रिजचे झाले, गिझरचे झाले. पण माझ्या स्कॅनरनं जेवढे किस्से दिले, तेवढे तर आमच्या लग्नानंही दिले नाहीत. आणि लग्नात काय कमी गोंधळ नव्हता!

आधी सांगते, मला स्कॅनर लागतो कशाला. चाकणच्या एका कंपनीत वीस वर्षं क्वालिटीचे कागद सांभाळले. आता चिखलीच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत टेबल टाकून छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या फाइली करते. नवा पार्ट सुरू करायचा तर मोठ्या कंपनीला आधी फाइल लागते: ड्रॉइंग, मापांचे तक्ते, सह्या, शिक्के, सगळं स्कॅन करून. फाइल पास नाही तर ऑर्डर नाही.

या वेळी फाइल होती रफिकभाईंची. तळवड्याला पत्र्याचं शेड, चार मशीन, त्यातली दोन बंद. "ताई, या ब्रॅकेटची ऑर्डर मिळाली तर दोन्ही मशीन चालू होतील. नाहीतर दोन ऑपरेटरना घरी बसवायला लागंल. पंधरा-पंधरा वर्षांची माणसं आहेत माझी." महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत फाइल पास व्हायला हवी होती.

*

तोवर मी मोबाइलनं फोटो काढूनच भागवत होते. रफिकभाईंची सुरुवातीची पानं तशीच पाठवली. दुसऱ्या दिवशी ऑर्डर देणाऱ्या कंपनीतून ढमाले साहेबांचा फोन. फाइल पास-नापास करणारे तेच.

"मॅडम, सतराव्या पानावर अंगठा आहे."

"माझाच आहे, साहेब. पान धरलं होतं."

"तुमचा अंगठा प्रोसेस शीटमध्ये नाही!"

प्रोसेस शीट म्हणजे पार्ट कसा बनतो, त्याच्या एकेका पायरीचा कागद. त्यात जे लिहिलेलं नाही, ते ढमाले साहेबांच्या लेखी जगातच नाही. म्हणून मग स्कॅनर घ्यायचं ठरलं.

*

चिंचवडला दुकानात गेले.

"घरासाठी ना मॅडम? हा घ्या. आधार, पॅन, मुलांची मार्कशीट, एक नंबर येतं!"

मी पर्समधून रफिकभाईंचा मापांचा एक तक्ता काढला. मशीनशेजारी उभं राहून लिहिलेला, तेलानं आरपार दिसणारा, चार घड्या पडलेला, कोपऱ्यात चहाच्या कपाचं गोल. दुकानदारानं तो दोन बोटांत धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मॅडम, एक काम करा. आधी याची चांगली झेरॉक्स काढा, मग ती झेरॉक्स स्कॅन करा."

"मग झेरॉक्सवाल्याकडूनच स्कॅन नाही का करून घेणार मी?"

"ते पण चालेल," म्हणाला. त्याला धंदा करायचा होता की नव्हता, देव जाणे.

*

आमचे हे भोसरीच्या एका कारखान्यात परचेसला होते. माणूस रिटायर झाला, परचेस काही रिटायर झालं नाही. "तीन कोटेशन आल्याशिवाय वस्तू घ्यायची नसते," म्हणाले आणि नऊ दिवस तक्ता करत बसले. मिनिटाला पानं किती, रोलर किती टिकतो, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात तिन्ही मॉडेलांपुढं एकच शेरा: 'पत्नीची घाई'.

"अहो, शुक्रवार तोंडावर आलाय! घर आहे हे, परचेस डिपार्टमेंट नाही!"

"अगं, घाईतच चुका होतात," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दहाव्या दिवशी यांचं पहिल्या नंबरचं मॉडेल दुकानातून संपलं. मी जाऊन दुसऱ्या नंबरचं उचलून आणलं. डोकं नुसतं सणकलं होतं.

*

या स्कॅनरला वरून गठ्ठा लावायचा, तो आपोआप एकेक पान ओढतो. असं खोक्यावर तरी लिहिलं होतं. रफिकभाईंचं पहिलंच पान अर्धं ओढून थांबला. दुसऱ्या खेपेला तेलानं चिकटलेली तीन पानं एकदम गिळली. कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅम, आपण कोरा, सुका आणि स्वच्छ कागद टाकून बघितलात का?"

टाकून बघितला. सुर्रकन गेला!

"म्हणजे मशीन ओके आहे, मॅम."

"अगं बाई, कोरा कागद स्कॅन करायला घेतलंय का मी हे?"

"आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का, मॅम?"

बुधवार होता. एकशे चाळीस पानं तशीच पडली होती आणि मला फक्त रडायचं बाकी होतं.

*

रफिकभाई आले, गठ्ठा घरी घेऊन गेले. गुरुवारी दुपारी परत आणला तर पानं कडक, सरळ!

"घरच्यांनी केलं, ताई. टाल्कम पावडर टाकून दाबून ठेवलं, मग वरून हलकी इस्त्री. माझ्या शर्टावरचं तेल तसंच काढती ती."

खोलीभर चंदनाचा घमघमाट. स्कॅनरनं सगळी पानं एकामागून एक ओढली, एकही अडकलं नाही. स्क्रीनवर बघते तर काय, उरलेसुरले डागसुद्धा त्यानं आपणहून पुसून टाकलेले. सगळी फाइल पांढरीशुभ्र.

"बघ, तक्ता केला म्हणून," हे म्हणाले. मी फाइल पाठवली आणि आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवले.

*

शुक्रवारी सकाळी ढमाले साहेबांचा फोन.

"मॅडम, फाइल नापास."

"का?"

"पंचवीस वर्षं शॉप फ्लोअर बघतोय मी. मशीनपाशी लिहिलेल्या कागदावर तेलाचा एक डाग नाही? ही मापं घेतलेलीच नाहीत. घरात बसून भरलीत!"

आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही मी, आणि हे ऐकून घ्यायचं!

"पाच वाजेपर्यंत ओरिजिनल दाखवा. नाहीतर पार्ट दुसऱ्याला जातोय."

रफिकभाईंच्या स्कूटरवर मागं बसले, मांडीवर गठ्ठा. चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो. पावणेपाचला पोचलो.

साहेबांनी पहिलं पान उचललं, उजेडात धरलं. मग नाकाशी नेलं. रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं.

"कुलंट," साहेब म्हणाले. धातू कापताना मशीनवर सोडतात ते तेलपाणी. "बरोबर आहे."

परत वास घेतला. "आणि हे काय? चंदन?"

"पावडर आहे, साहेब," रफिकभाई हळूच म्हणाले. "कागद सुकवायला."

"प्रोसेस शीटमध्ये नाही."

"नाही, साहेब."

"लिहून आणा," म्हणाले, आणि शिक्का मारला. पास!

आता चारही मशीन चालू आहेत, दोन्ही ऑपरेटर कामावर आहेत. ब्रॅकेटच्या प्रोसेस शीटवर अकरावी पायरी आहे: 'मापांच्या तक्त्यास चंदनाची टाल्कम पावडर लावणे'. शेडमध्ये मापं घ्यायच्या टेबलावर डबा असतो, डब्यावर मापं घ्यायच्या हत्यारांसारखं नंबराचं स्टिकर.

गेल्या महिन्यात ढमाले साहेब ऑडिटला आले. सगळं शेड फिरले, काही सापडेना. शेवटी टेबलापाशी थांबले, डबा उचलला, झाकण उघडून वास घेतला.

"रफिकभाई, हा गुलाबाचा आहे," म्हणाले. "मंजुरी चंदनाची आहे!"